भुरीची ये-जा

उत्तमसिंग नाईकाचा तांडा, वणीजवळ
१४ जुलै १९६०

पूज्य कांताबाईंना,
जमनीचा साष्टांग नमस्कार.

निकाल तुमच्या कानावर आलाच असेल. आमच्या तांड्यावरून इंटर सायन्सला बसणारी मी पहिली आणि नापास होणारीही पहिली. बाकीचे विषय निघाले, रसायनात गेले. कोणता प्रश्न चुकला ते मला माहीत आहे. उलटसुलट चालणाऱ्या प्रक्रियेत समतोल म्हणजे काय, असा प्रश्न होता. मी लिहिलं होतं, ‘दोन्ही बाजूंचं प्रमाण ठरलं की प्रक्रिया थांबते, त्याला समतोल म्हणतात.’ अमरावती सोडताना सरांना विचारलं. ते म्हणाले, ‘थांबते कशी? तिथंच चुकलीस,’ आणि सायकलवर बसून गेले.

बाई, मला अजून कळलेलं नाही. जे बदलत नाही, ते थांबलेलंच असतं ना?

मार्चमध्ये हा एकच विषय पुन्हा देता येतो. शाळेत तुम्ही शिकवलेलं मी कधी विसरले नाही, म्हणून हक्कानं मागते. पत्रातून शिकवाल का? पत्र मात्र तांड्यावर येत नाही. वणीला निजामुद्दीन शेठच्या चुनाभट्टीच्या पत्त्यावर पाठवा. माझा भाऊ खेमसिंग तिथं भट्टी भरायला जातो, तो आणेल. त्याला वाचता येत नाही. तरी पाकीट उलटंपालटं करून विचारतो, ‘बाईनं काय लिवलं वं?’

त्याची बायको भुरी माझ्याच वयाची आहे. शेळ्यांचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर तिनं माझ्या पुस्तकांसाठी फळी ठोकून घेतली.

बाकी घरी सगळं आहे तसं आहे.

तुमची विद्यार्थिनी,
जमनी


यवतमाळ
२६ जुलै १९६०

चि. जमनी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि आठवीतली जमनी आठवली. पहिल्या दिवशी घागरा आवरत दाराशी उभी राहिली होतीस आणि ‘आत येऊ?’ असं न विचारता ‘कुठं बसू?’ असं विचारलं होतंस. ती मुलगी एका पेपरानं खचणार नाही.

आता समतोल. अशी कल्पना कर की शाळेत शेजारशेजारच्या दोन खोल्या आहेत, मध्ये दार आहे आणि बाहेरचे दरवाजे बंद आहेत. सुरुवातीला सगळ्या मुली डावीकडच्या खोलीत. दार उघडल्यावर त्या उजवीकडे जायला लागतात. उजवीकडे गर्दी झाली की तिथल्याही काही परत फिरतात. अशी एक वेळ येते की एक मुलगी जाते तेव्हा एक येते. खिडकीतून कुणी मोजलं तर दोन्ही खोल्यांत मुली तेवढ्याच दिसतात. तो म्हणेल, थांबलं सगळं. पण दारात जा, तिथं रहदारी चालूच आहे. म्हणून त्याला गतिमान समतोल म्हणतात. दोन्हीकडचा वेग सारखा असतो; वेग शून्य नसतो.

एवढं पुन्हा पुन्हा वाच आणि तुझ्या शब्दांत लिहून पाठव.

घरी सगळं आहे तसं आहे, हे वाचून बरं वाटलं. अभ्यासाला घरची शांतता फार लागते.

तुझी,
कांताबाई


उत्तमसिंग नाईकाचा तांडा
११ सप्टेंबर १९६०

पूज्य बाई,
सा. नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तुमच्या दोन खोल्या मी वाचल्या आणि मला त्या चटकन कळल्या. इतक्या चटकन, की मी पत्र घडी करून ठेवून दिलं.

आमच्याकडे दोन खोल्या म्हणजे दोन तांडे आहेत. आमचा हा आणि जंगलापलीकडचा भीमसिंगचा. भुरी भीमसिंगची मुलगी. ती इथं आली तेव्हा मी मॅट्रिकला होते. त्याच दिवशी ठरलं होतं की तिच्या बदल्यात मी जायचं, तिच्या भावाला, हरिसिंगला. याला साटं म्हणतात. एक गेली, एक आली. दोन्ही घरांत पोळ्या थापणारे हात तेवढेच राहतात. कुणी बाहेरून मोजलं तर काही झालंच नाही. मी तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. शाळेत असताना ते लांब होतं, आणि कॉलेजात असताना मी ते आणखी लांब ढकलत होते.

‘शिक्षण होईस्तवर थांबू’ असं तेव्हा तांड्याचा निवाडा करणाऱ्या नाईकांनी ठरवून दिलं होतं. निकालाची बातमी कळताच भीमसिंग आला. नाईकांच्या ओट्यावर बसून म्हणाला, ‘पोरगी नापास झाली. म्हनजे शिक्शन सरलं. आता कायले थांबाचं?’

माझी आई, रुपीबाई, आम्ही तिला याडी म्हणतो, सगळ्यांना पाणी देत राहिली. खेमसिंग म्हणाला, ‘एक पेपर राह्यला म्हनते ते.’

‘एक पेपर म्हनजे किती कागद?’ भीमसिंगनं विचारलं. सगळे हसले, मीही हसले.

शेवटी नाईक म्हणाले, मार्चचा पेपर होऊ द्या. पास होवो का नापास, त्यानंतर पोरगी जाईल. भीमसिंगनं आणलेला गूळ सगळ्यांच्या हातावर ठेवला. आमच्याकडे गूळ खाल्ला की बोलणं पक्कं. मीही खाल्ला.

हरिसिंग वाईट नाही. मागे एकदा भेटला तेव्हा मी विचारलं होतं, पुस्तकं आणली तर चालतील का? तो म्हणाला, ‘आन ना. पण वाचशीन केव्हा?’ चेष्टा नव्हती, बाई. त्यानं खरंच विचारलं होतं.

समतोलाची व्याख्या वेगळ्या कागदावर लिहिली आहे. तपासून पाठवा.

जमनी


यवतमाळ
२० सप्टेंबर १९६०

चि. जमनी,
आशीर्वाद.

व्याख्या बरोबर आहे. बाकीचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

तू वीस वर्षांची आहेस. तुझ्या संमतीशिवाय कुणी तुला कुठं पाठवू शकत नाही. सरळ नाही म्हण. पेपर दिलास की अमरावतीहून येताना यवतमाळच्या स्टँडवर उतर आणि माझ्याकडे ये. घरात मी आणि माझ्या सासूबाई, दोघीच. जागा आहे. पुढचं मी बघते. तांड्यावर परत जाऊच नकोस. ही गोष्ट इतकी सोपी आहे की तू एवढी गोंधळलीस कशी, हेच मला कळत नाही.

सोबत पुढचा पाठ पाठवते. समतोलावर बाहेरून ताण आला की तो कुठं सरकतो, याचा. एका बाजूचं काही काढून घेतलं, तर ती उणीव भरायला दुसऱ्या बाजूचं तिकडे जातं. हे नीट कर. यावर प्रश्न येतोच.

कांताबाई


उत्तमसिंग नाईकाचा तांडा
८ जानेवारी १९६१

पूज्य बाई,
सा. नमस्कार.

माझा राग आला असेल, एवढे दिवस लिहिलं नाही म्हणून. भुरीला मुलगा झाला. श्रावण नाव ठेवलं. तिला उठता येईना तोवर घरचं मीच बघत होते.

तुमच्या पाठातच उत्तर आहे, बाई. एका बाजूचं काढून घेतलं तर दुसऱ्या बाजूचं तिकडे जातं. मी गेले नाही, तर भीमसिंग भुरीला माघारी नेईल. साटं मोडलं की असंच होतं. आणि मूल मात्र बापाच्या घरचं. श्रावण इथं राहील, ती तिथं. भुरीला हे माहीत आहे. ती मला त्याबद्दल काही म्हणत नाही. श्रावणला पाजताना मी समोर पुस्तक घेऊन बसलेली असते आणि ती म्हणते, ‘मोठ्यानं वाच वं. त्याले झोप येते.’ मी मोठ्यानं वाचते. दोन्हीकडचा वेग सारखा असतो. तो झोपतो.

मी नाही म्हणायचं ठरवते. मग भुरी चुलीपाशी दिसते आणि मी ते परत घेते. सकाळी ठरवते, दुपारी परत घेते. कुणाला काही दिसत नाही. याडी म्हणते, पोरगी आता शांत झाली.

एक दुसरी गोष्ट सांगते. थंडीत भट्टीची धग वाया जाते म्हणून खेमसिंगनं आणि गड्यांनी तिच्या तोंडावर पत्रे टाकले. आपल्याकडे थंडीत घराचं दार लावतात ना, तसंच त्यांना वाटलं. कोळसा जळला, पण भट्टी उतरवली तर चुना थोडा आणि दगडच जास्त. निजामुद्दीन शेठ म्हणाले, ‘अरे शानेहो, भट्टीले मुसकं बांधलं काय? तिले दम टाकू द्या.’ खेमसिंग मान खाली घालून घरी आला. ‘आंच तं आत कोंडली होती,’ म्हणत राहिला.

मी पुस्तक काढलं. चुनखडीचा दगड तापला की चुना होतो आणि वायू सुटतो. तोंड उघडं असलं की वायू निघून जातो. निघून गेला की त्याला परत चुन्याला धरून दगड होता येत नाही. तोंड झाकलं की तो आतच राहतो. मग दगडाचा चुना होतो, चुन्याचा दगड होतो, आणि भट्टी तिथंच राहते. समतोल फक्त बंद भांड्यात असतो हे पुस्तकात एका ओळीत होतं. तिथं माझं लक्ष कधी गेलं नव्हतं.

बरोबर आहे का, ते कळवा.

जमनी


यवतमाळ
१९ जानेवारी १९६१

चि. जमनी,
आशीर्वाद.

बरोबर आहे. पत्र्यांमुळे हवाही कोंडली असेल आणि आंच मंदावली असेल, तेही लिही. पण मुख्य कारण तू ओळखलंस. माझ्याच्यानं इतकं चांगलं सांगता आलं नसतं.

मागच्या पत्रात मी ‘सोपी गोष्ट’ असा शब्द वापरला. तो मागे घेते. दोन खोल्यांचं उदाहरण देताना मी दाराबद्दल पुष्कळ लिहिलं आणि बाहेरचे दरवाजे बंद आहेत हे एका दमात सांगून पुढे गेले. ते कुणी बंद केले, असं माझ्या एकाही विद्यार्थिनीनं आजवर विचारलेलं नाही. मीही नाही.

तू कधी विचारलं नाहीस, पण सांगते. मालक गेल्यापासून दर उन्हाळ्यात मी नागपूरला बदलीचा अर्ज लिहिते. सासूबाईंना दिसत नाही. त्या माझ्या पावलांच्या आवाजावरून विचारतात, ‘कांता, आज शाळेत काय झालं?’ मी अर्ज फाडते. त्यांनी मला कधी अडवलेलं नाही. शाळेतले लोक म्हणतात, कांताबाई इथं छान रुळल्या.

पेपर नीट दे. स्टँडवर उतरायचं की नाही, ते तुझ्यावर सोडते.

कांताबाई


उत्तमसिंग नाईकाचा तांडा
६ एप्रिल १९६१

पूज्य बाई,
सा. नमस्कार.

पेपर चांगला गेला. तोच प्रश्न आला, ‘उदाहरणासह स्पष्ट करा’ असा. मी चुनाभट्टी लिहिली, पत्रे टाकलेली आणि पत्रे काढलेली. लिहिताना हात कुठंच अडला नाही. बाहेर आले तेव्हा वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मला पुरती कळली आहे, आणि ती कळून माझं काही हलणार नाही.

येताना गाडी यवतमाळच्या स्टँडवर बराच वेळ उभी होती. मी पिशवी मांडीवर घेतली. उठलेही. मागच्या बाकावरच्या बाईंनी लगेच माझी जागा धरली. मग मी त्यांना म्हटलं, ‘मी उतरत नाही.’ त्या म्हणाल्या, ‘मंग उठली कायले?’ आणि सरकून बसल्या.

तुमच्या घराकडचा रस्ता खिडकीतून दिसला. माफ करा.

भीमसिंग अक्षयतृतीयेनंतर येईल म्हणतात. याडीनं घागऱ्याला आरसे लावायला घेतले आहेत. भुरी तिला आरसे वेचून देते.

जमनी


यवतमाळ
१७ जून १९६१

चि. जमनी हिस,
अनेक आशीर्वाद.

पास झालीस. रसायनात वर्गात पहिल्या चारांत आहेस असं तुमच्या सरांनी कळवलं. निरोप ऐकून सासूबाईंनी मला देवापुढे साखर ठेवायला लावली.

मधल्या काळात तुझं पत्र नाही. तू कुठं आहेस, हेच मला माहीत नाही. या पाकिटावर भट्टीचा पत्ता घालताना ते तुझ्या हाती पडेल का, ही शंका आहे. दारव्ह्याला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला कुणी मिळत नाही. इंटर झालेली मुलगी चालेल. मुख्याध्यापिका माझ्या ओळखीच्या आहेत, जुलैपर्यंत थांबतो म्हणाल्या. राहायची सोय शाळेच्या आवारातच आहे.

ये, असं मी या वेळी लिहीत नाही. जागा आहे, एवढंच कळवते.

कांताबाई


दारव्हा
२३ जुलै १९६१

पूज्य बाई,
सा. नमस्कार.

पत्ता बघून तुम्हाला कळलंच असेल.

अक्षयतृतीयेला भीमसिंग आला नाही, त्याच्या घरात आजारपण होतं. आषाढात येतो म्हणून निरोप आला. मग तुमचं पाकीट आलं. खेमसिंगनं नेहमीसारखं विचारलं, ‘बाईनं काय लिवलं वं?’ मी म्हटलं, पास झाले. पास झाल्याचा आनंद कसा करायचा, हे आमच्या घरात कुणाला कळेना.

भुरीनं मात्र मला विहिरीवर गाठलं. ‘पाकीट मोठं होतं. पास झाली एवढं सांगाले येवढा कागद कायले लागते?’ मी तिला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘दारव्हा कोनत्या बाजूले आलं?’ मी दाखवलं. ‘म्हनजे माह्या बापाच्या तांड्याच्या उलट.’

‘मी गेले तर तुला नेतील,’ मी म्हटलं.

‘नेतीन. मले पाय आहेत ना.’

‘श्रावण?’

तिनं बादली भरून वर ओढली आणि म्हणाली, ‘तू वाचत जाय ना, मोठ्यानं, तवा मी आयकत होती. एक गेली का एक येते. मले वाटे, मी एकलीच दोनी कामं केली तं?’ मला अजून त्याचा अर्थ कळलेला नाही. बाजाराच्या दिवशी याडी बाजूच्या तांड्यावर गेली असताना भुरीनं मला वणीच्या रस्त्याला आणून गाडीत बसवलं. पुस्तकं तिनंच बांधली होती. कडेवरच्या श्रावणनं माझी वेणी धरून ठेवली होती, ती सोडवताना गाडीवाला ओरडला.

तिकडे काय झालं, मला काही माहीत नाही. मी लिहिलं तर वाचेल कोण? बाई, कुठून काही कळलं तर मला लिहा. वाईट असलं तरी लिहा.

जमनी


यवतमाळ
५ नोव्हेंबर १९६१

चि. जमनी,
आशीर्वाद.

काल खेमसिंग आला होता. निजामुद्दीन शेठचा चुना घेऊन ट्रक इकडे येत होता, त्यात बसून आला. भट्टीवरचं एक जुनं पाकीट लोकांना दाखवत त्यानं माझं घर शोधलं. पायरीवरच बसला, आत येईना. सासूबाईंनी आतून विचारलं, ‘कोण आहे?’ तर म्हणाला, ‘कोनी नाही, मी आहो.’

त्यानं सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहिते.

‘आषाढात भुरीचा बाप आला. जमनी घरी नाही म्हनल्यावर भुरीले घेऊन गेला. पोरगं याडीपाशी ठेवलं. दुसऱ्या दिशी भुरी परत. जंगलातून पायी आलती. तिचा बाप पुन्ना आला, पुन्ना नेलं. पुन्ना आली. ते भांडत नाही, बाई. रडत नाही. बापानं चाल म्हटलं का चालते. तिकडं गेली का पानी भरते, भाकरी टाकते. अन् मंग येते.’

मी विचारलं, ‘मग आता भुरी कुठं आहे?’

‘घरीच असंन,’ तो म्हणाला. मग म्हणाला, ‘नाही तं रस्त्यात असंन.’

नाईकही पेचात पडले आहेत म्हणे. ‘साटं मोडलं म्हनावं, तं बाई नांदून राह्यली. नाही मोडलं म्हनावं, तं बाप रोज तक्रार घेऊन येते. मी निवाडा कायचा करू? मले तं काई झालेलंच दिसत नाही.’

खेमसिंगनं तुझ्यासाठी निरोप दिला. ‘जमनीले सांगजा, येऊ नको म्हनते भुरी.’ हे सांगताना त्याच्या तोंडावर मात्र ते नव्हतं. तू परत यावीस असं त्याला वाटतं, आणि ते बोलायची त्याला लाज वाटते. जाताना म्हणाला, ‘तिचे पाय पाह्यले तं मले जेवन जात नाही, बाई.’

वाईट असलं तरी लिहा, म्हणाली होतीस. हे वाईट आहे की चांगलं, ते मला ठरवता येत नाही.

तुझी,
कांताबाई


दारव्हा
१९ नोव्हेंबर १९६१

पूज्य बाई,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं त्या दिवशी मी पिशवी भरली. दुसऱ्या दिवशी रिकामी केली. मी गेले तर भुरी आजवर जेवढी चालली, ते सगळं वाया गेलं. नाही गेले तर ती चालतच राहणार. तांड्यावर मला पाय ठेवता येत नाही. जंगलातला नाला ती कशी ओलांडते, एवढं विचारायलाही जाता येत नाही. भट्टीचं तोंड माझ्यासाठी उघडलं आणि मी निघून गेले, असं मला वाटलं होतं. ते उघडं राहावं म्हणून कुणीतरी ते हातानं धरून ठेवलं आहे.

कालच्या तासाला समतोल आला. मुली लहान आहेत, त्यांना एवढं नसतं, पण एकीनं शाईच्या बंद बाटलीत आतून थेंब का जमतात असं विचारलं आणि मी सांगत गेले. वर जाणारे कण आणि परत येणारे सारखेच, म्हणून बाहेरून स्थिर. तुमच्या दोन खोल्याही सांगितल्या. बाहेरचे दरवाजे बंद आहेत हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं.

तीच मुलगी म्हणाली, ‘मग ते थांबतं केव्हा, बाई?’

मी म्हटलं, ‘बाटली उघडली तर, नाही तर आतले कण थकले तर.’ मुलींनी ते वहीत उतरवून घ्यायला सुरुवात केली. मी त्यांना खोडायला लावलं. पुस्तकात तसं नाही. कण थकत नाहीत.

मुख्याध्यापिकाबाई रोज संध्याकाळी आवारात भेटतात आणि विचारतात, ‘काय जमनीबाई, घरचे सगळे बरे?’ मी सांगते, घरी सगळं आहे तसं आहे. त्या बरं म्हणतात आणि पुढे जातात. त्या वेळी तिकडेही संध्याकाळ असते आणि भुरी कोणत्या बाजूला चालली असेल ते मला माहीत नसतं.

सासूबाईंना नमस्कार सांगा. येत्या उन्हाळ्यात अर्ज लिहिलात, तर फाडण्याआधी एकदा मला वाचायला पाठवा.

तुमची,
जमनी